आकाराम गुळव्याचा जळव्या

आकारामतात्यांच्या घरी मी भाड्यानं राहायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं, चंद्राबाईंनी, आधी मला खोली दाखवली आणि मग मुंग्या दाखवल्या. "ह्या उंबऱ्याच्या, त्या देवळीतल्या. चावत न्हाईत बगा. गुळव्याचं घर म्हटल्यावर मुंग्या असायच्याच." बोलण्यात तक्रार नव्हती, थोडा तोराच होता. मी साताऱ्याची. चौऱ्याहत्तर साली बी.एस्सी., बी.एड. होऊन आष्ट्यापासून तीन मैलांवरच्या या गावात, नव्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले होते. आमच्या घरी साखरेचा डबासुद्धा पाण्याच्या ताटलीत ठेवायची पद्धत. मी मनात म्हटलं, लीला, इथं मुंग्यांसकट नांदायचं आहे.

त्या मुंग्यांकडं मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं. विज्ञानाची बाई म्हणून आले होते ना.

तात्या गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस उकळून गूळ करायचा, हे त्यांचं काम आणि हाच त्यांचा ताठा. काहिलीतला, म्हणजे भल्यामोठ्या पसरट कढईतला, पाक तांबूस झाला की ते आधी गार पाण्यात बोटं बुडवत, मग सरळ उकळत्या पाकात घालत, परत पाण्यात. पाकाची गोळी वळायची, तांब्याच्या काठावर मारायची, आवाज ऐकायचा आणि म्हणायचं, "उतरा." हे 'उतरा' जरा लवकर आलं तर गूळ पाझरतो, जरा उशिरा आलं तर करपतो. तात्यांचं कधीच चुकलं नव्हतं. सांगलीच्या पेठेत व्यापारी नुसती ढेप बघून "हा आकारामचा हात" म्हणून ओळखायचे. या दोन्ही गोष्टी मला तात्यांकडूनच कळल्या.

त्या गुऱ्हाळात एक रिवाज होता. वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ हौदात, ओतलेला गूळ निवत आला की पहिला खडा गुळव्यानं तोंडात टाकायचा आणि गूळ कसा झाला ते सांगायचं. तोवर मालक लालासाहेब समोर उभे असले तरी गुळाला बोट लावायचे नाहीत. तात्या डोळे मिटून तो खडा चघळायचे आणि इतका वेळ लावायचे की माणसं ताटकळून जायची. मग म्हणायचे, "हात बरा बसलाय." म्हणजे त्यांचाच.

काहिलीच्या वर तात्या, आणि खाली खड्ड्यात, चुलवाणाच्या म्हणजे भट्टीच्या तोंडाशी, कुतुबुद्दीनभाई. ते जळव्या. रस काढून उरलेली वाळकी चिपाडं मूठमूठ करून चुलवाणात सारायची, जाळ एकसारखा ठेवायचा, ना भडकू द्यायचा ना मंद होऊ द्यायचा. एकोणीस हंगाम ही जोडी टिकली होती. आणि एकोणीस हंगाम तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आले होते, "जाळ घालायला काय लागतंय? म्हस बी घालंल." कुतुबुद्दीनभाई यावर बोलायचे नाहीत. फक्त पुढची मूठ जरा उशिरा सारायचे. काहील ढिली पडली की तात्या वरून ओरडायचे, "कुतबा, झोपलास काय रं?" खालून उत्तर यायचं, "म्हस रवंथ करतीया."

पहिल्याच पावसाळ्यात मला नववीला पेशींचं श्वसन शिकवायचं होतं. प्रयोगाला चुन्याची निवळी हवी होती आणि शाळेतली बाटली कोरडी ठणठणीत. रसातली मळी काढायला तात्या चुना वापरत, म्हणून त्यांच्याकडं मागितली. ते तांब्याभर निवळी घेऊन स्वतःच आले, आणि आलोच आहे तर बघतो म्हणून फेट्यासकट शेवटच्या बाकावर बसले. मुलं पुढं वळायचं नाव घेईनात.

मी एका मुलीला पपईच्या पानाच्या पोकळ देठातून निवळीत फुंकायला लावलं. निवळी दुधासारखी पांढरी झाली. मागून आवाज आला, "नासवली की वो निवळी." मग तात्या उठून पुढं आले, दुसऱ्या पेल्यात स्वतः फुंकून बघितलं आणि तीही नासली तसे विचारात पडले.

मी म्हटलं, चिपाड जळताना जो वायू निघतो तोच आपल्या श्वासातून बाहेर येतो. म्हणजे आपल्यातही काहीतरी जळतं आहे.

"माझ्या पोटात चुलवाण हाय म्हना की."

"पोटात नाही. पोटात अन्नाची नुसती मोडतोड होते, त्याची साखर होते आणि रक्तातून ती अंगभर जाते. जळते ती पेशीत. डोळ्यांना दिसणार नाही एवढी पेशी, आणि तिच्यात त्याहून बारीक कणिका. हवेतला प्राणवायू तिथं पोचतो आणि साखर जळते. त्या जोरावर तुम्ही फावडं उचलता."

"आन् भाजत कसं न्हाई?"

प्रश्न माझ्या वर्गातल्या चाळीस मुलांपैकी एकालाही पडला नव्हता. मी फळ्यावर पायऱ्या काढल्या. साखर एकदम पेटत नाही. वीस-पंचवीस पायऱ्यांनी हळूहळू मोडते. प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा सुटते. तिच्यातली काही ऊब होऊन जाते, म्हणून अंग कोमट असतं. उरलेली एटीपी नावाच्या बारक्या पेंढ्यांत बांधून ठेवली जाते, आणि हात हलवायचा झाला की हाताच्या पेशी त्यातल्या पेंढ्या सोडतात.

"मूठमूठ जाळ," तात्या म्हणाले. त्यांना ते फळ्यापेक्षा लवकर कळलं होतं. "मग आत जळव्या कोन बसलाय?"

मुलं हसली, घंटा झाली. त्या प्रश्नाचं खरं उत्तर मला सहा महिन्यांनी सुचलं, आणि तेही नको त्या वेळी.

हंगाम सुरू झाला आणि तात्यांना तहान लागायला लागली. गुऱ्हाळाच्या धगीत कुणालाही लागते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ते माठ रिकामा करायचे, वर दोन चरव्या उसाचा रस प्यायचे. भूक तर अशी की चार भाकऱ्यांवर पाचवी. तरी दंडावरच्या पैरणीच्या बाह्या लोंबायला लागल्या. चंद्राबाई गूळ-तूप चारायच्या. तात्या स्वतःही ताकदीसाठी खिशात गुळाचा खडा बाळगायचे. मीही रोज ते बघत होते आणि माणसाचा खुराक जबर आहे म्हणून कौतुक करत होते.

जानेवारीत एक काहील करपली. तात्यांना पाकाचा रंग दिसला तेव्हा उशीर झाला होता. ते खड्ड्याकडं वळून सगळ्यांदेखत ओरडले, "किती जाळ घातलास रं? काहील घालवलीस की."

कुतुबुद्दीनभाई खड्ड्यातून वर आले. अंगावरची राख झटकली. "जाळ हाय तेवडाच हाय, आकाराम. तुजा डोळा चुकाय लागलाय. चार दिस बगतूय मी. डाक्टरला दाव गड्या."

गुळव्याला त्याच्या मालकासमोर असं सांगणं म्हणजे फेटाच उतरवणं. तात्या म्हणाले, "तुज्या जागी म्हस बांधीन मी." या वेळी मात्र खालून उत्तर येणार नव्हतं, कारण भाई वर उभे होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा झटकला आणि घरी गेले. लालासाहेबांनी दुसरा जळव्या आणला. त्यानं कधी भडका केला, कधी धूर, आणि गूळ काळपट यायला लागला.

घरी तात्या भाईंचं नाव काढायचे नाहीत. दिवसातून चार वेळा नाव न काढल्याचं सांगायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी चंद्राबाई माझ्या दारात आल्या. "बाई, मुंग्यांनी आता ताळच सोडला. परड्यात ह्ये लघवीला जात्यात न्हवं, तितं बी रांगा लागत्यात." पदर तोंडाला लावून हसल्या. "आंगात बी गूळच भरलाय जनू."

मीही हसले, आणि हसता हसता गार पडले. तहान, भूक, वाळलेलं अंग, अंधूक डोळे. सगळं रोज माझ्यासमोर होतं. दुसऱ्या कुठल्याही घरात मुंग्यांनी कधीच खबर पोचवली असती. गुळव्याच्या घरात त्यांचं कोण ऐकणार? चंद्राबाईंना माफ आहे, पण मला नाही. मला माझ्या पदवीची लाज वाटली.

चंद्राबाईंनी खोबरेल तेलाच्या धुतलेल्या बाटलीत तात्यांच्या लघवीचा नमुना आणून दिला. तात्या शाळेच्या प्रयोगशाळेत, म्हणजे कोपऱ्यातल्या एका टेबलाशी, माझ्या शेजारी उभे राहिले. मी परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घेतलं, त्यात थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखा लाल रंग आला. तात्या डोळे बारीक करून नळीजवळ वाकले होते.

"रंग झ्याक आलाय," ते म्हणाले. "उतरा आता."

मी नळी उतरवली.

"कुठल्या उसाचा म्हनायचा ह्यो?"

"तुमचा," मी म्हटलं. "साखर आहे ती. तुमच्या अंगातून चाललीय."

त्यांनी नळी परत एकदा उजेडात बघितली. मग म्हणाले, "वाया चाललीया व्हय?" आयुष्यभर ज्या माणसानं काहिलीच्या काठाचा पाकसुद्धा खरवडून घेतला, त्याला हेच पहिल्यांदा लागलं.

सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मधुमेह आहे आणि फार वाढलाय. रोज सकाळी इन्सुलिनची सुई, जन्मभर. गोड बंद. सुई घेतली नाही तर थोड्याच दिवसांत शुद्ध जाईल आणि पुढचं आपल्या हातात नाही. तात्या बाटली, काचेची पिचकारी आणि सुया घेऊन एसटीनं परत आले, सगळं देवळीत ठेवलं आणि जाहीर केलं की असलं काही घेणार नाही.

"ताकद कशात असती? साकरंत. तुमीच शिकवलं. माज्या रगतात साकर मावंना म्हनतोय डाक्टर. मग मी पैलवान व्हाया पायजे हुतो. आन् हितं दोन पावलं चालवत न्हाई. तुमचं इग्यान तरी खोटं, न्हाई तर डाक्टर तरी."

असा प्रश्न वर्गात कुणी विचारला असता तर मी त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी मला संताप आला. एक माणूस मरणाच्या वाटेवर आहे आणि वाद घालतो आहे, आणि त्याचा वाद बिनचूक आहे.

"तात्या," मी म्हटलं, "चुलवाणाच्या तोंडाशी चिपाडाचा डोंगर लागलाय. काहिलीत रस आहे. आणि चुलवाण गार पडत चाललंय. काय नाही तिथं?"

तात्या फेट्याचा शेव चाळवायला लागले. उत्तर त्यांना आलं होतं.

"तुमचं रक्त म्हणजे तो डोंगर. साखर पेशीच्या दारापर्यंत येते, पण तिला आत घ्यायला कुणी नाही. पोटात एक ग्रंथी असते, तिच्यातून इन्सुलिन सुटतं. ते पोचलं की पेशी साखर आत घेते आणि मग जाळते. तुमच्या ग्रंथीनं काम सोडलंय. साखर लघवीवाटे जाते आणि पेशी उपाशी. उपाशी अंग मग चरबी जाळतं, मांस जाळतं. अंगणात चिपाड कुजतंय आणि तुम्ही घराचे वासे उपसून चुलवाणात घालताय."

चंद्राबाईंनी तोंडात पदर कोंबला.

"जळव्या न्हाई म्हना की," तात्या हळूच म्हणाले.

"तो त्या बाटलीत आहे."

इथं मी थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही. मी पुढं म्हणाले, "अंगातल्या जळव्यालाही तुम्ही म्हशीवरून काही बोलला होतात की काय, देव जाणे."

तात्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. दोन दिवस फिरवलेलंच राहिलं. कंपाउंडर आष्ट्याहून सोमवारी आणि गुरुवारी यायचा, तो आला तर त्याला परत पाठवलं. चंद्राबाईंचा हात पिचकारी उकळतानाच कापायचा. मी कॉलेजात बेडूक चिरलेली बाई, पण तात्यांच्या दंडाशी सुई नेताना माझीही बोटं थरथरली आणि त्यांनी हात काढून घेतला. "ज्येचं काम त्येनं करावं," एवढंच बोलले. त्यांच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळासारखा वास यायला लागला होता. तो कशाचा ते मला माहीत होतं. घराचे वासे जळत होते. मी फार घाबरले होते, आणि ते मरतील ते माझ्या बोलण्यामुळं, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या बाहेर आले. गालफडं बसलेली, पण फेटा नीट बांधलेला. "बाई, ती बाटली घ्या आन् चला माज्यासंगं."

कुतुबुद्दीनभाईंचं घर दोन गल्ल्या पलीकडं. तेवढ्या वाटेत तात्या तीनदा बसले. भाई दारात बाजलं विणत होते. त्यांच्या बायकोनं, अख्तरबींनी, आम्हाला बघून लगबगीनं पाणी आणलं. भाईंनी मान वर केली नाही.

"कुतबा," तात्या ओट्यावर टेकत म्हणाले, "चुलवाण इझाय लागलंय."

"लालासाबांनी नवा जळव्या आनलाय न्हवं?"

"गुऱ्हाळाचं न्हाई रं. ह्ये." त्यांनी छातीवर हात ठेवला.

मग मी सगळं सांगितलं. साखर, पेशी, बाटली, सुई, आणि डॉक्टर काय म्हणाले ते. भाई दोरी धरून ऐकत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "म्हस बांद की मग. जाळ घालायला म्हस बी चालती म्हनं."

अख्तरबी चुलीकडं वळल्या. तात्यांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. एकोणीस वर्षांचं बोलणं गिळायला त्यांना तेवढा वेळ लागला असावा.

"म्हशीला सुई धरता येत न्हाई," ते म्हणाले.

अख्तरबी फसकन हसल्या. भाई हसले नाहीत. त्यांनी तात्यांचं मनगट हातात घेतलं, ते त्यांच्या मुठीत सैल झालं, आणि त्यांचे डोळे भरून आले. "येवडा वाळलास? आन् मला आज सांगतूस?" मग ते इतके चिडले की तात्यांना तिथंच चार शिव्या घातल्या, त्या मी लिहीत नाही. त्याच पावली शेजारची बैलगाडी जुंपून ते आम्हाला आष्ट्याला कंपाउंडरकडं घेऊन गेले. पहिली सुई त्यानं दिली, भाईंनी बघितली. दुसऱ्या सकाळची भाईंनी दिली. हात जरासुद्धा हलला नाही.

तेव्हापासून रोज फजरची नमाज झाली की ते आमच्या दारात हजर. पिचकारी उकळायची, उजेडाकडं धरून रेघ बघायची, बाटली परत माठाखालच्या ओल्या वाळूत पुरायची. मला त्यांनी जेवढे प्रश्न विचारले तेवढे नववीनं वर्षभरात विचारले नाहीत. इतकंच औषध का? जास्त घातलं तर? मी सांगितलं, जळव्यानं चिपाड भराभर सारलं तर ढीगच संपतो. रक्तातली साखर खाली गेली की घाम येतो, हात कापतात, शुद्ध जाते. तेव्हा लगेच तोंडात गोड घालायचं. दुसऱ्या दिवसापासून भाईंच्या खिशात गुळाचा खडा आला, फडक्यात बांधलेला.

तात्यांना हा नियम फार आवडला. आठवड्यातून दोनदा ते बाजल्यावर बसून बारीक आवाजात म्हणायचे, "कुतबा, आज लय थरथरतंय रं." भाई त्यांच्या कपाळाला हात लावायचे आणि खडा परत खिशात टाकायचे. "घाम कुटं हाय?"

महिन्याभरात अंग धरलं, डोळ्यांवरचं धुकं गेलं. फाल्गुनात, हंगाम संपायला आला असताना, तात्या काहिलीशी उभे राहिले आणि भाई खड्ड्यात उतरले. नव्या जळव्याला लालासाहेबांनी घाण्यावर लावलं. मी शाळा सुटल्यावर मुद्दाम गेले होते. त्या दिवशी कुणी वरून ओरडलं नाही, खालून कुणी उत्तर दिलं नाही. जाळ एकसारखा लागत होता. तात्यांनी गोळी वळली, तांब्यावर मारली, ऐकली आणि म्हणाले, "उतरा."

गूळ वाफ्यात पडला, निवत आला. पिवळाधमक. माणसं गोळा झाली. तात्यांनी रिवाजाप्रमाणं कडेचा पहिला खडा मोडला आणि हात तोंडाकडं नेला. चंद्राबाई माझ्याशेजारी होत्या, त्यांनी माझा दंड घट्ट धरला. तात्यांना गूळ बंद होता, आणि ती एक चव सोडली तर त्या माणसाकडं जगात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

हात मध्येच थांबला. तात्यांनी खड्याकडं बघितलं. मग ते वळले आणि राखेनं माखलेले भाई खड्ड्यातून वर येत होते, त्यांच्यापुढं हात केला.

"बग कसा झालाय."

लालासाहेबसुद्धा बघत राहिले. जळव्यानं पहिला खडा खाल्ल्याचं तिथं कुणी पाहिलं नव्हतं. भाईंनी पंच्याला हात पुसले, खडा तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मिटले ते मिटलेच. तात्या जेवढा वेळ लावायचे त्याच्या दुप्पट वेळ त्यांनी लावला. तात्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होते.

शेवटी भाईंनी डोळे उघडले. "जाळ बरा लागलाय," ते म्हणाले.

सगळ्यांनी तात्यांकडं बघितलं.

"व्हय," तात्या म्हणाले. "लय बरा लागलाय."